गुप्तेकाकांची फुंकर

आमच्या इमारतीतले गुप्तेकाका जिना चढताना शेजाऱ्यांच्या दारांवर फुंकर घालतात.

खोटं वाटेल, म्हणून तपशील देते. गरम चहावर आपण घालतो तशीच फुंकर. ओठांचा चंबू, मान उजवीकडे वळलेली, आणि एक लांबलचक, संथ, लवकर न संपणारी फू. पहिल्या मजल्यावर उजव्या हाताला माझं दार आहे, दुसऱ्यावर चड्ढा आंटींचं. तिसऱ्यावर काका स्वतः राहतात. तिथे ते फुंकर घालत नाहीत, घंटा वाजवतात.

मी यादीवाली बाई आहे. वाण्याची यादी, औषधांची यादी, आणि मराठी मंडळाची सचिव असल्यामुळे गणपतीची यादी, जी मी उन्हाळ्यातच करायला घेते. कुठलीही गोष्ट कागदावर उतरवली की तिचा उलगडा होतो, असा माझा अनुभव. पण 'काका दारावर का फुंकतात?' हा प्रश्न कागदावर लिहून त्याच्यापुढे मी बराच वेळ पेन धरून बसले आणि शेवटी त्याच कागदावर कोथिंबीर, लिंबं, साबण असं लिहून बाजारात गेले.

काकांना सगळं गाझियाबाद 'गुप्ताजी' म्हणतं. नोकरी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात झाली. तिथे सुरुवातीला ते 'गुप्ता नाही, गुप्ते' असं सांगायचे म्हणे. मग सोडून दिलं. "एका मात्रेसाठी किती पत्रव्यवहार करायचा?" असं त्यांचं म्हणणं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कचेरी त्यांच्या जिभेवरून निवृत्त झालेली नाही. चहा घेणार का विचारलं तर "तत्त्वतः मान्य." भाजी कशी झाली विचारलं तर "मागील आदेशाप्रमाणे." आणि उत्तर द्यायचं नसलं, की हमखास "विषय विचाराधीन आहे." मला ते नावाने हाक मारत नाहीत. मी 'सेक्रेटरीबाई'.

त्यांनी सिगरेट सोडली तीही रीतसर. नोकरीभर त्यांच्या बोटांत पेन नसेल तेव्हा सिगरेट असायची, आणि पेन असेल तेव्हा दोन्ही. मग एका जानेवारीत, आमच्याकडे धुकं कुठलं आणि धूर कुठला हे कळेनासं होतं त्या दिवसांत, त्यांना दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. फुप्फुसांचा जुनाट आजार निघाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, झालेलं नुकसान भरून यायचं नाही, पण सिगरेट बंद आणि हालचाल चालू ठेवलीत तर आहे ते टिकेल. पुन्हा सिगरेट धरलीत, तर पुढच्या हिवाळ्याची खात्री मी देत नाही.

घरी आले ते आधी माझ्या दारात थांबले. खिशातून लायटर काढला, स्टीलचा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला, आणि माझ्या हातावर ठेवला.

"चार्ज हँडओव्हर करतोय, सेक्रेटरीबाई. पोचपावती नको. विश्वास आहे."

मी तो मंडळाच्या पूजेच्या डब्यात टाकला. तेव्हापासून आमच्या गणपतीची समई काकांच्या लायटरने लागते.

काकांचा आजार मला डॉक्टरांपेक्षा काकांनी जास्त चांगला समजावला. "आवक सुरळीत आहे. जावक तुंबली आहे. आतली जुनी हवा टेबल सोडत नाही, मग नवी येऊन बसणार कुठे?" ही जावक मोकळी करण्यासाठी, व्यायाम शिकवणाऱ्या एका मुलीने त्यांना ओठ आवळून सावकाश फुंकायला शिकवलं होतं. आणि चालायला. दम लागला म्हणून बसून राहायचं नाही; थांबायचं, फुंकायचं, पुन्हा चालायचं.

ते त्यांनी मनावर घेतलं. कॉलनीच्या बागेत ते रोज या बाकापासून त्या बाकापर्यंत चालतात, बसतात, समोर बघून फुंकतात, उठतात, पुढच्या बाकाकडे निघतात. "फाईल अशीच चालते," ते म्हणतात. "एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. वेळ लागू दे. पण एका जागी बसून राहिली, की फाईल मेली." कुणी तरुण मुलगा धावत पुढे गेला तर म्हणतात, "जाऊ द्या त्याला. पानिपतात काय झालं? जोश पाहिजे तेवढा, दम कुणी राखला नाही." आमचं मंडळ संक्रांतीला पानिपतला काला अंबच्या स्मारकापाशी जातं, तिथेही त्यांनी हे वाक्य म्हणून दाखवलं होतं. दोघेजण त्यांच्याशी अजून बोलत नाहीत.

म्हणजे फुंकर कशाला, हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की बागेत समोर फुंकणारा माणूस जिन्यात शिरला की मान वळवून लोकांच्या दारांवर का फुंकतो.

पहिली तक्रार चड्ढा आंटींची आली.

"भाभीजी, ये गुप्ताजी रोज़ मेरे दरवाज़े पे फूँक क्यों मारते हैं? कोई टोना-टोटका तो नहीं?"

"नहीं आंटी, उनको साँस की बीमारी है।"

"तो अपने दरवाज़े पे मारें ना!"

दुसऱ्या दिवशी आंटींच्या दारावर लिंबू-मिरची लटकली. काकांनी लिंबाकडे लक्ष न देता त्याच्यावरही फुंकर घातली. आणि मग नेमकी आंटींच्या मुलाची, किती तरी दिवस अडकलेली दिल्लीची बदली झाली. लिंबू-मिरची उतरली. त्यानंतर काकांची चढायची वेळ झाली, की आंटी डोक्यावर ओढणी घेऊन दारात हजर. कधी दुखरा गुडघा पुढे करत, कधी नातीला घेऊन. "गुप्ताजी, ज़रा इसपे भी।" काका फुंकर घालायचे. त्यांना घालायचीच असायची.

मी काकांना गाठलं. "काका, ती बाई तुम्हाला बाबा समजायला लागली आहे."

"तक्रार आहे का?"

"तक्रार मागे घेतली. आता श्रद्धा आहे."

"मग प्रश्न मिटला."

"कसला मिटला? तुम्ही मान का वळवता ते सांगा."

काकांनी कठडा धरला, मान वळवली, माझ्या दारावर एक सावकाश फुंकर घातली आणि म्हणाले, "विषय विचाराधीन आहे."

श्रावणात प्रकरण वाढलं. काका आता जिना चढताना हातात ताट घ्यायला लागले. जेवायचं साधं स्टीलचं ताट, रिकामं. दोन्ही हातांनी छातीसमोर धरलेलं, आणि मान वळलेली. चार-पाच पायऱ्या, थांबणं, फुंकर, पुन्हा पायऱ्या. मला वाटलं, स्मरणशक्तीचं काहीतरी असावं. काही दिवसांनी ताटात पाण्याची वाटी आली. वाटीत पाणी काठोकाठ. मी दार किलकिलं करून बघत होते. काकांनी माझ्या दारापाशी थांबून वाटीकडे निरखून पाहिलं, पाणी किती हललं ते तपासलं आणि स्वतःशीच म्हणाले, "समाधानकारक."

"काका, पाणी कुठे नेताय?"

"ट्रायल बेसिस," म्हणाले आणि वर गेले.

म्हणजे स्मरणशक्ती शाबूत होती. मग हे काय होतं? मी अंदाज केला, की मंडळाच्या आरतीची ही तयारी असणार. विठ्ठलाच्या आरतीतला तो एक सूर ओढत ओढत धरायचा असतो, आणि कुणाचा दम शेवटी तुटतो याची दरवर्षी मुकाट स्पर्धा चालते, हे मराठी माणसाला सांगायला नको. एके काळी, सिगरेट ओढत असतानाही, काका त्यात सगळ्यांना हरवायचे. पण सूर धरायला ताट कशाला? मी तोही अंदाज खोडला.

आणि मग काकांनी लायटर परत मागितला.

"तात्पुरत्या स्वरूपात. गणपतीच्या आत जमा करतो."

"कशाला हवाय?"

"गोपनीय."

मी गोंधळले की माझ्या हातून चुकीच्या गोष्टी पटकन होतात. मी डबा उघडला, लायटर काढून दिला आणि काय दिलं ते काकांची पाठ वळल्यावर माझ्या लक्षात आलं. त्या संध्याकाळपासून जिन्यात वास यायला लागला. काहीतरी नुकतंच विझल्याचा. सिगरेटचा म्हणावा तर नव्हता, पण सिगरेट ओढणारी माणसं वास लपवायला काय काय करतात हे का मला माहीत नाही? एकदा मी अचानक दार उघडलं तर काकांनी हातातलं पाठीमागे लपवलं. त्यांच्या बोटाला काळं लागलं होतं. मला डॉक्टरांचं हिवाळ्याबद्दलचं वाक्य आठवलं.

आणि प्रश्न एकट्या काकांचा नव्हता. वर शालिनीकाकू होत्या. दीड-दोन वर्षांपूर्वी त्या न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दवाखान्यात जायचं तर चौघे जण खुर्चीत बसवून उतरवतात, आणि ते त्यांना इतकं नकोसं होतं की एरवी त्या खाली येतच नाहीत. भाजी, दूध, औषधं, सगळं काका वर आणतात, थोडं थोडं, थांबत थांबत. मुलगा पुण्याला. तो दर फोनला म्हणतो, आता इकडे या, नाहीतर आईला तरी मी घेऊन जातो. काका पुन्हा आजारी पडले तर त्या घराचे दोन तुकडे व्हायला वेळ लागला नसता.

म्हणून मी काकूंना सांगायचं ठरवलं. सरळ वर गेले. काकू वाल सोलत बसल्या होत्या, समोर वॉकर.

"काकू, काकांच्या खिशात लायटर आहे."

"माहीत आहे."

"आणि जिन्यात जळका वास येतो."

"येतो ना. दार उघडं असलं की इथवर येतो."

"मग तुम्ही काही बोलत का नाही?"

काकूंनी वालाची परात माझ्याकडे सरकवली. "सोल जरा. बोटं चालली की डोकं शांत होतं. आणि हे बघ, ह्यांना वाटतं मला काही कळत नाही. तसंच वाटू दे. तूही बोलू नकोस."

मी वाल सोलले. डोकं शांत झालं नाही. नवऱ्याच्या फुप्फुसांसाठी एके काळी उपास धरणारी ही बाई, तिच्या नाकाशी जळका वास येतोय आणि ती मला बिरड्यात नारळ किती घालायचा ते सांगतेय. मी खाली आले ती आधीपेक्षा जास्त गोंधळून.

गणपती आले. लायटर सकाळीच, सांगितल्याप्रमाणे, जमा झाला. "रजा उपभोगून रुजू," काका म्हणाले. खाली सभागृहात आमची मूर्ती बसते. उदबत्ती आणि धुपाने काकांचा दम कोंडतो, म्हणून ते दाराबाहेर मोकळ्या हवेत उभे राहतात. मी माझी यादी घेऊन पुढे. यंदा यादीत एक नवी ओळ होती: 'आरतीच्या तबकाला जबाबदार व्यक्ती नेमणे.' कारण मागच्या वर्षी पहिल्याच संध्याकाळी तबक मध्येच कुठेतरी गेलं होतं आणि परत आलं तेव्हा फुलवात विझलेली. कुणी नेलं, कुणी विझवलं, काही कळलं नाही. ओवाळलेली आरती लोकांच्या तळहातांपर्यंत पोचायच्या आत विझणं बरं नव्हे. म्हणून यंदा जबाबदार व्यक्ती म्हणून मी स्वतःलाच नेमलं होतं.

आरत्या झाल्या. मंत्रपुष्पांजलीला मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तबक नव्हतं.

दाराबाहेर काकाही नव्हते.

मी जिन्याकडे धावले. पहिल्या मजल्यावर कुणी नाही, फक्त तोच विझल्यासारखा, पण जरा ताजा वास. तुपाचा. दुसऱ्या मजल्यावर मी थबकले. चड्ढा आंटी दारात उभ्या होत्या, ओढणी डोक्यावर, आणि दोन्ही हातांत आमचं तबक. काका शेजारी कठड्याला दोन्ही हातांनी धरून वाकलेले. खांदे वरखाली होत होते. मान पार भिंतीकडे वळवलेली, ओठ आवळलेले, आणि ती लांबलचक फुंकर भिंतीवर.

"भाभीजी, कुछ बोलना मत," आंटी कुजबुजल्या. "गुप्ताजी की साँस आ रही है।"

तबकात निरांजन होतं. फुलवात सरळ उभी जळत होती, जराही न हलता.

मी तिच्याकडे बघितलं, भिंतीकडे फुंकणाऱ्या काकांकडे बघितलं, आणि श्रावणापासूनचं ते ताट, ती वाटी, तो लायटर, सगळं एकामागोमाग माझ्या डोक्यात नीट लागत गेलं. त्यांना श्वास तर सोडावाच लागणार होता, आणि तो ज्योतीवर सोडून चालणार नव्हतं. एवढंच.

"द्या काका, मी नेते वर," मी म्हटलं. मला दुसरं काय सुचणार?

काकांनी मान हलवली. नाही. मग एकेक शब्द भिंतीला सांगितला. "तू… जा वर. तिला… सांगू नको."

वर जाऊन न सांगणं, असं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. मी गेले. काकू दारात आधीच वॉकर धरून उभ्या होत्या. नवी साडी, केसात फूल.

"येतायत ना?" त्यांनी विचारलं.

मी हातातली यादी वाचायला घेतली.

"सांगू नको म्हणाले असतील. राहू दे. जिन्यातलं सगळं ऐकू येतं मला." त्या हसल्या. "अगं, आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये होतो ना, तेव्हापासूनची रीत. आरती झाली की हे गायब. मांडवाच्या मागे. तिकडे धूप पेटला की ह्यांना आपला वेगळा धूर आठवायचा. मग मी तबक घेऊन शोधत जायची, पदर वाऱ्याला आडवा धरून. मला बघितलं की हात पाठीमागे. मी म्हणायची, टाका ती आधी. टाकायचे. मग आरती घ्यायचे. जिथे जिथे बदली झाली तिथे हेच. माझ्या हातून एकदाही विझली नाही."

"आणि गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी मी खाली येऊ शकले नाही, तर हे घेऊन निघाले. चड्ढांच्या दारापर्यंत आले. दम लागला. शिकवलं होतं तसं फुंकले." काकूंनी ओठ आवळून दाखवलं. "समोर."

मला हसू आलं आणि मी ते दाबलं.

"वर आलेच नाहीत गं. विझलेलं तबक घेऊन तसेच खाली गेले. मी इथे उभी. रात्री जेवताना एक शब्द नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मला काय आरती घरात करता आली नसती? पण ते म्हणायचं कसं?"

जिन्यात पावलं वाजली. चार पायऱ्या, फुंकर. तीन पायऱ्या, फुंकर. दोन. वळणावर आधी तबक दिसलं, मग काका. मान तशीच वळलेली. घाम कपाळावरून गळ्यात उतरत होता. मागे दोन पायऱ्या सोडून चड्ढा आंटी, हात जोडून.

काका दारापाशी आले. तबक काकूंच्या समोर धरलं. काकूंचे दोन्ही हात वॉकरवर होते.

काकांना बोलायला दम नव्हता. तरी बोलले. भिंतीकडे बघत.

"सोड… तो… आधी."

काकूंनी वॉकर सोडला. मी कोपर धरायला पुढे झाले, तर त्यांनी मानेनेच मला थांबवलं. त्या आपल्या पायांवर उभ्या राहिल्या, दोन्ही तळवे ज्योतीवर धरले आणि चेहऱ्यावरून फिरवले.

काकांना त्यांचा चेहरा दिसला नाही. ज्योत सांभाळायची होती, ते भिंतीवर फुंकत होते.

मग काकूंनी पुन्हा तळवे धरले, जरा जास्त वेळ. आणि ज्याचे हात गुंतलेले असतात त्याला आपण आरती देतो तशी ती ऊब काकांच्या वळलेल्या गालावरून, कपाळावरून, घामासकट, सावकाश फिरवली. काकांची फुंकर मध्येच थांबली.

खालून कुणीतरी ओरडलं, "अहो सेक्रेटरी, तबक कुठे आहे? लोक खोळंबलेत!"

एका कार्यक्रमामुळे दुसऱ्याला उशीर होऊ देणं माझ्या स्वभावात नाही. मी कठड्यावरून खाली वाकले.

"थांबू दे त्यांना," मी म्हटलं. "विषय विचाराधीन आहे."